पहिली प्रीती कुठे राहिली? – इफिसच्या मंडळीकडून शिकताना

आजचा शास्त्रपाठ : प्रकटीकरण २:१-७
सोबत वाचा : प्रेषितांची कृत्ये १८:२४ ते २०:३८ आणि १ तीमथ्य १:३-५



आजचं मनन नेहमीपेक्षा थोडं लांबलंय. सकाळी लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये वाचत असाल तर अर्धं आत्ता वाचा, अर्धं रात्री. पण शास्त्रपाठ आधी वाचा, सातच वचनं आहेत. मी खाली जे लिहितोय ते त्या सात वचनांपेक्षा महत्त्वाचं नाही.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. साउंड आणि लाइव्ह स्ट्रीम ही माझी सेवा. लॉकडाऊनमध्ये गरज पडली म्हणून सुरू केली आणि मग ती माझीच झाली. म्हणजे उपासना सुरू व्हायच्या तासभर आधी मी हजर, केबल्स, माइकचे सेल, कॅमेरा, इंटरनेट, गीतांच्या स्लाइड्स. उपासनेत मी सगळ्यात मागे, कानावर हेडफोन. असंच एका रविवारी घरी येताना गाडीवर मागे बसलेल्या बायकोने विचारलं, "तू आज भोजन घेतलंस का रे?"

मी म्हणालो, "हो." आणि मग सिग्नलला थांबल्यावर आठवायला लागलो. भाकरीची ताटली मागच्या बाकापर्यंत आली होती हे मला स्पष्ट आठवत होतं, कारण त्या वेळी मी कॅमेरा झूम करत होतो. शॉट छान आला होता. पण ताटली माझ्यापर्यंत आली का, मी हात पुढे केला का, काही आठवेना. मग लक्षात आलं की मी घेतलं नव्हतं. आणि त्याच्या मागच्या महिन्यातही नाही. त्याच्या मागचं तर आठवतच नव्हतं.

ज्या मेजाभोवती सगळी मंडळी गोळा होते, त्या मेजाचं मी उत्तम शूटिंग केलं होतं. मी स्वतः त्या मेजाजवळ नव्हतो.

त्या आठवड्यात माझा रोजच्या वाचनाचा क्रम प्रकटीकरणात पोचला होता. दुसरा अध्याय. तो मी किती वेळा वाचलाय, त्यावर तरुण संघात एकदा स्लाइड्ससकट अभ्यासही घेतलाय. पण या वेळी ते पत्र कुणीतरी माझ्या नावावर पाठवल्यासारखं वाटलं.

चांगली मंडळी होती ती

आधी हे समजून घेऊ की इफिसची मंडळी वाईट नव्हती. आपण "पहिली प्रीती सोडली" एवढंच लक्षात ठेवतो आणि मनात एक थंड, झोपाळू, रिकाम्या बाकांची मंडळी उभी करतो. पण वचन २ आणि ३ नीट वाचा. प्रभू स्वतः त्यांची यादी वाचून दाखवतो: तुमची कामं, तुमचे कष्ट, तुमचा धीर मला माहीत आहे. वाईट लोकांना तुम्ही खपवून घेत नाही. स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची तुम्ही परीक्षा केली आणि ते खोटे निघाले. माझ्या नावासाठी तुम्ही सोसलं आणि थकला नाहीत. (हे मी माझ्या शब्दांत लिहितोय, मूळ वचनं तुमच्या शास्त्रात वाचा.)

अशी मंडळी आज आपल्या शहरात असती तर आपण सगळे तिकडेच गेलो असतो. शिकवण पक्की, सेवा जोरात, छळातही टिकून.

आणि शहर काही सोपं नव्हतं. इफिस म्हणजे त्या काळचं आशिया प्रांतातलं मोठं बंदर, व्यापाराचं गाव. अर्तमी देवीचं तिथलं मंदिर जगातल्या सात आश्चर्यांमध्ये गणलं जायचं. पौलाच्या प्रचारामुळे देवीचे रुपेरी देव्हारे बनवणाऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय यायला लागला, तेव्हा देमेत्रिय सोनाराने केवढी दंगल घडवली ते कृत्ये १९ मध्ये आहे. सगळं गाव नाट्यगृहात जमलं आणि दोन तास घोषणा देत राहिलं. ते नाट्यगृह आजही तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ उभं आहे, फोटो बघा, म्हणजे ख्रिस्ती म्हणून त्या गावात राहणं काय असेल याचा अंदाज येईल.

शिवाय या मंडळीला शिक्षक कसे मिळाले बघा. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला. अपुल्लो. पौल तर साधारण तीन वर्षं तिथे राहिला, त्यातली दोन वर्षं तुरन्नाच्या पाठशाळेत रोज शिकवत. पुढे तीमथ्य. आणि जुनी परंपरा सांगते की म्हातारपणी योहानही तिथेच होता. एवढं शिक्षण क्वचितच कुठल्या मंडळीला मिळालं असेल.

तरीही वचन ४ येतं. हे सगळं मान्य करून प्रभू म्हणतो, एक गोष्ट मात्र तुझ्याविरुद्ध आहे. पहिली प्रीती तू सोडलीस.

डॅशबोर्ड हिरवा

आमच्या कामातलं एक उदाहरण देतो, आयटीवाल्यांना लगेच कळेल, बाकीच्यांनी सांभाळून घ्या. आमच्या टीमची एक सिस्टीम होती. तिच्यावर लक्ष ठेवायला डॅशबोर्ड. सगळं हिरवं. एका सोमवारी सपोर्टचा फोन आला की लोकांच्या ऑर्डर शुक्रवार रात्रीपासून सेव्ह होत नाहीयेत. आम्ही म्हणालो, शक्यच नाही, सगळं हिरवं आहे. मग शोधल्यावर कळलं की आमचा हेल्थ चेक सर्व्हरला फक्त एवढंच विचारत होता, "चालू आहेस का?" आणि सर्व्हर इमानदारीत सांगत होता, "हो, चालू आहे." ज्या कामासाठी तो बसवला ते होतंय का, हे आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

इफिसचा डॅशबोर्ड हिरवा होता. माझाही होता. उपासनेला हजर, दशांश दिलेला, सेवा चालू, तरुण संघाच्या मिटिंगा चालू, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकलेलं. कुणी विचारलं असतं, "ब्रदर, आध्यात्मिक जीवन कसं चाललंय?" तर मी मनापासून म्हणालो असतो, "प्रभूची कृपा आहे, खूप बिझी आहे."

माझ्या लक्षात आलेली गोष्ट ही, की माझ्या आयुष्यात ख्रिस्ताला मधून बाजूला सारायला कुठलं मोठं पाप आलं नव्हतं. ख्रिस्ताचीच कामं आली होती. एकेक करून, प्रत्येक चांगलं. पापाबद्दल मी थोडाफार सावध असतो. सेवेबद्दल कधीच नव्हतो.

मध्ये कोण आहे?

आता वचन १ कडे परत या. आपण ते पत्रावरच्या पत्त्यासारखं वाचून पुढे जातो. पण तिथे प्रभूने स्वतःची ओळख कशी करून दिलीय? सोन्याच्या सात समयांच्या मधून जो चालतो, तो. समई म्हणजे मंडळी, हे आधीच्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात सांगितलंय.

म्हणजे ख्रिस्त मध्ये आहेच. त्याला मध्ये आणून बसवणं हे आपलं काम नाही. तो मंडळ्यांच्या मधून फिरतोय, बघतोय, त्याला सगळं माहीत आहे. प्रश्न एवढाच की त्याच्याभोवती उभे असलेले आपण कुठे तोंड करून उभे आहोत. मी साउंड डेस्ककडे तोंड करून उभा होतो.

आणि समईच का? आपल्याकडे समई प्रत्येकाने पाहिलेली आहे. चिंच लावून घासली की पितळ कसं लख्ख होतं! पण घासलेली समई आणि पेटलेली समई यात फरक आहे, तो अंधार पडल्याशिवाय कळत नाही. इफिसची समई घासून पुसून जागेवर होती. प्रभू विचारतोय ते ज्योतीबद्दल. आणि ज्योत नसलेली समई तिथे ठेवून करायचं काय? म्हणून वचन ५ मधला इशारा इतका कडक आहे: पश्चात्ताप केला नाहीस तर समई जागेवरून काढीन.

प्रीती कोणावरची?

इथे बरेच जण विचारतात, पहिली प्रीती म्हणजे कोणावरची? ख्रिस्तावरची की एकमेकांवरची? वचनात ते उघड सांगितलेलं नाही. मला वाटतं त्या दोन वेगळ्या काढताच येत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय तेच सांगतो, की डोळ्यांसमोरच्या भावावर प्रीती नसेल तर न दिसणाऱ्या देवावर आहे असं म्हणता येत नाही.

आणि इथे मला माझी दुसरी चूक सांगावी लागते. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

आमच्या तरुण संघात माझा एक मित्र ड्रम्स वाजवायचा. आम्ही संडे स्कूलपासूनचे. एकदा युथ संडेसाठी त्याने एक गीत निवडलं. त्यातल्या दोन ओळींची शिकवण मला शास्त्राला धरून वाटली नाही. मी काय केलं? ऐंशी जणांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मुद्दे क्रमांक घालून, प्रत्येक मुद्द्याखाली वचनं. शेवटी "प्रीतीने सांगतोय" असंही लिहिलं. त्याने एका ओळीत उत्तर दिलं, "ओके, सॉरी." रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही.

मी काय केलं हे लिहिताना आजही लाज वाटते. मिक्सरवर ड्रम्सच्या चॅनेलमधून विनाकारण खरखर येत होती, म्हणून मी तो चॅनेल म्यूट केला. आणि उपासना चालू ठेवली. सहा महिने.

मुद्दा माझा बरोबर होता का? आजही वाटतं, होता. इफिसच्या मंडळीचाही बरोबर होता! पौलाने मिलेतात त्यांच्या वडिलांना बजावलं होतं की लांडगे येतील, तुमच्यातूनच उलटसुलट शिकवणारे उठतील, जागे राहा. ते जागे राहिले. प्रभूने त्याबद्दल त्यांना शाबासकी दिली. वचन ६ मध्ये तर तो पुन्हा म्हणतो की निकलाइतांच्या कृत्यांचा तुम्ही द्वेष करता आणि मीही करतो. तेव्हा "शिकवण वगैरे सोडा, फक्त प्रेम करा" असा अर्थ या पत्रातून काढू नका. सत्याच्या बाबतीत प्रभूने त्यांना एक मार्कही कापलेला नाही.

पण १ तीमथ्य १:३-५ वाचा. तीमथ्याला इफिसातच थांबून खोटं शिक्षण थांबवायला सांगितलंय. आणि लगेच पुढे त्या आज्ञेचा हेतू सांगितलाय: शुद्ध अंतःकरण, चांगला विवेक आणि निष्कपट विश्वास यांतून निघणारी प्रीती. म्हणजे चूक दाखवायची ती माणूस प्रीतीत परत यावा म्हणून. इफिसकरांनी आज्ञा पाळली आणि हेतू कुठेतरी वाटेत सांडला. माझंही तेच झालं. गीत सुधारलं, गीत वाजवणारा गेला.

आठव, मागे फीर, कर

पण प्रभू इथे थांबत नाही. वचन ५ मध्ये तीन क्रियापदं आहेत: आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर. लक्षात घ्या, तो "पहिल्यासारखं वाटून घे" असं म्हणत नाही. भावना परत आण, असं सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? दिवे मंद करून आणखी एक हळू गीत म्हटलं असतं. तो म्हणतो कृत्ये. करता येण्यासारखी गोष्ट.

मग मला प्रश्न पडला, इफिसची पहिली कृत्ये होती तरी कोणती? ती अंदाजाने शोधायची गरज नाही, कृत्ये १८ ते २० मध्ये लिहिलेली आहेत. मी तीन काढली.

पहिलं, १८:२६. अपुल्लो सभास्थानात जोरात बोलत होता, पण त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी ते ओळखलं. त्यांनी भर सभेत हात वर केला नाही. त्याला आपल्याकडे नेलं आणि मार्ग अधिक नीट समजावून दिला. तोच अपुल्लो पुढे करिंथात किती उपयोगी पडला! चूक दाखवण्याची इफिसची पहिली पद्धत ही होती. ऐंशी जणांचा ग्रुप नाही.

दुसरं, १९:१८-१९. विश्वास ठेवणाऱ्यांनी पुढे येऊन आपली कृत्ये उघड कबूल केली. जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांदेखत जाळली. किंमत काढली तर ५०,००० रुप्याची नाणी. एक नाणं म्हणजे बहुधा एका मजुराची एका दिवसाची मजुरी. तुमच्या आजच्या पगारात हिशेब करून बघा. आणि ती पुस्तकं त्यांनी विकली नाहीत, हेही बघा. ख्रिस्त मिळाला होता, त्यापुढे तोटा मोजावासा वाटला नाही.

तिसरं, २०:३६-३८. पौल निघताना सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि तारवापर्यंत पोचवायला गेले. मोठमोठे वडील लोक होते ते. इफिसातून मिलेतापर्यंत आले होते.

या तिन्हींमध्ये कार्यक्रम कुठेच नाही. घरी बोलावणं, कबूल करणं, सोडून देणं, रडणं, पोचवायला जाणं. साधारण चाळीस वर्षांनी जेव्हा योहानाने पात्म बेटावरून हे पत्र पाठवलं, तेव्हा कदाचित ती मिलेतात रडलेली पिढी संपत आली होती आणि पुढच्या पिढीला व्यवस्था तेवढी मिळाली होती. आपण बरेचसे त्या पुढच्या पिढीतले आहोत. आजी-आजोबांनी ख्रिस्तासाठी घरदार सोडलं, आपल्याला मंडळीची मेंबरशिप मिळाली.

केडगावची साक्ष

हे फक्त आपल्यासारख्या सामान्यांचं होतं असं समजू नका. पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या सगळ्यांच्या घरात आदराने घेतलं जातं. पुणे-दौंड लाइनवर केडगावला मुक्ती मिशन आजही आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा मुलींसाठी केवढं काम! सगळा समाज विरोधात असताना.

आणि त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत, १९०७ मध्ये, लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त अजून मिळालेला नाही. आठ वर्षं! म्हणजे शारदा सदन चालू असताना, लोक त्यांना थोर ख्रिस्ती बाई म्हणत असताना. हे कबूल करायला किती नम्रता लागत असेल.

मला त्यांच्या गोष्टीतलं पुढचं जास्त धीर देतं. ख्रिस्त मध्ये आल्यावर त्यांचं काम कमी झालं नाही. दुष्काळात उपाशी मुलींना आणून केडगावला मुक्ती उभं राहिलं, १९०५ मध्ये तिथे मोठी जागृती झाली, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या मराठी बायबलचं भाषांतर करत राहिल्या. तेव्हा "सेवा सोड" हा या पत्राचा अर्थ नाही. कामाचं ओझं वाढू शकतं. ते कशाभोवती फिरतंय, हे बदलायला हवं.

मग मी काय केलं

फार काही नाही, पण जे केलं ते सांगतो, कारण नुसतं "ख्रिस्ताला केंद्रस्थानी ठेवा" म्हणून आमेन म्हणणं सोपं आहे.

पाळक साहेबांशी बोललो. आता प्रभुभोजनाच्या वेळी कॅमेरा एका जागी फिक्स करून ठेवतो आणि साउंड डेस्कवर कुणीही बसत नाही. हेडफोन काढून मी घरच्यांसोबत बाकावर जाऊन बसतो. पहिल्या महिन्यात माइकची शिट्टी वाजली, दोन जणांनी नंतर तक्रार केली. चालतंय.

सकाळचं वचन ग्रुपवर टाकणं मी बंद केलंय. वाचन बंद केलं नाही! पण माझ्या लक्षात आलं की मी वाचत होतो ते फॉरवर्ड करण्याजोगं काय सापडतंय हे शोधायला. आता सकाळी वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि शास्त्र कागदाचं.

आणि एका शनिवारी संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो. फोन न करता, कारण फोन केला असता तर तो "नको" म्हणाला असता. दार काकूंनी उघडलं. "अरे, किती दिवसांनी!" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. आम्ही दोघं दहा मिनिटं क्रिकेटवर बोललो. मग मी म्हणालो, "मी ते ग्रुपवर लिहायला नको होतं. तुझ्याकडे यायला हवं होतं. आणि तू यायचा बंद झालास तेव्हा तरी यायला हवं होतं."

तो बराच वेळ कपाकडे बघत होता. मग म्हणाला, "मेसेजचं सोड रे. मला वाटलं कुणीतरी विचारेल."

मी त्याला उपासनेला ये म्हणालो नाही. निघताना आम्ही प्रार्थना केली, म्हणजे मी केली, तो आमेन म्हणाला. त्यानंतर दोनदा भेटलो. तो अजून आलेला नाही. "बघू," म्हणतो. या गोष्टीला मी गोड शेवट लावू शकत नाही, कारण तो अजून घडलेला नाही. तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करा, नाव प्रभूला माहीत आहे. आणि माझ्यासाठीही.

मंडळी म्हणून आपण

तुम्ही जर तरुण संघाच्या किंवा पंच कमिटीच्या मिटिंगला बसत असाल, तर तीन गोष्टी करून बघा.

एक, अजेंड्यावर पहिला विषय हा ठेवा: गेल्या महिनाभरात कोण दिसलं नाही? नावं घ्या. प्रत्येक नावापुढे, कोण भेटायला जाणार, तेही लिहा. पत्रे बदलणं, स्पीकर, वार्षिक सहल हे नंतर.

दोन, कुणाचं चुकतंय असं वाटलं तर आधी प्रिस्किल्ला-अक्विल्लाची वाट धरा. घरी बोलवा, चहा द्या, मग वचन उघडा. मत्तय १८:१५ मध्ये प्रभूनेही एकांतातच सुरुवात करायला सांगितलंय.

तीन, जे सतत सेवेत असतात त्यांना महिन्यातून एक रविवार नुसतं बसू द्या. वर्शिप टीम, संडे स्कूलच्या टीचर, स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या मावशी. मार्थेची सेवा खरीच होती, पण मरीया जिथे बसली होती तिथे बसायची पाळी तिलाही मिळायला हवी.

इफिसचं पुढे काय झालं?

बरेच उपदेशक सांगतात की इफिसने ऐकलं नाही आणि आज तिथे अवशेषच उरलेत. अवशेष आहेत हे खरं. नदीचा गाळ साचत साचत ते बंदर बुजलं, समुद्र आज काही किलोमीटर लांब गेलाय. गाळ एका दिवसात येत नाही, रोज थोडा थोडा येतो, हे आपल्यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण शहर बुजलं त्याच्या कितीतरी आधीची एक गोष्ट कमी सांगितली जाते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अंत्युखियाचा इग्नाटियस रोमला हुतात्मा व्हायला नेला जात होता. वाटेत त्याने इफिसच्या मंडळीला पत्र लिहिलं. ते पत्र आज आपल्याकडे आहे. त्यात तो त्यांच्या विश्वासाचं आणि प्रीतीचं कौतुक करतो. प्रीतीचं!

मला असं मानायला आवडतं की ते पत्र वाचलं गेलं तेव्हा इफिसमध्ये कुणीतरी उठून कुणाच्या तरी घरी गेलं असेल.

आजच्या मननासाठी प्रश्न

१. विश्वासात आल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही ख्रिस्तासाठी कोणत्या तीन गोष्टी करत होता? कागदावर लिहा. त्यातली कोणती आज बंद आहे?

२. तुमच्या सेवेतलं कोणतं काम ख्रिस्त नसतानाही तसंच चालू राहील?

३. तुम्ही कोणाचा चॅनेल म्यूट केलाय?

प्रार्थना

प्रभू येशू, तू समयांच्या मधून चालतोस आणि तुला सगळं माहीत आहे. माझी कामं तुला माहीत आहेत आणि माझं अंतःकरणही. तुझ्या कामात मी इतका गुंतलो की तुझ्याकडे बघायचं राहून गेलं, मला क्षमा कर. जे सत्य तू दिलंस ते मला प्रीतीने धरायला शिकव. ज्यांना मी दुखावलं त्यांच्या दारापर्यंत जायचं धैर्य दे. आमच्या मंडळीची समई जागेवर राहू दे आणि ती पेटलेली राहू दे. तुझ्याच नावात मागतो, आमेन.

उद्या पुढची मंडळी, स्मुर्णा. प्रकटीकरण २:८-११ वाचून ठेवा. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.